मागून हाक

"बाई, या पोरांना आपण अगदी गोड आवाजात शिव्या घातल्या, तर त्यांना कळतं का हो?"

प्रश्न चिनात्सुने विचारला खरा, पण तो तिच्या एकटीचा नव्हता. सकाळी शाळेतून पाळणाघराकडे रांगेत चालत येताना मायुको आणि रिन्काने तो तिच्या गळ्यात बांधला होता. "तू फार धीट झालीयस ना हल्ली? मग त्या बाईंना विचारून दाखव," मायुको म्हणाली, आणि रिन्काने तिथल्या तिथे पैज लावली, विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन. अकरावीच्या मुलींना गृहशास्त्रासाठी वर्षातून एक दिवस पाळणाघरात पाठवायचे. नाकं पुसा, गोष्टी वाचा, आणि परत येऊन चार पानी अहवाल लिहा. निशिओका बाई तीस वर्षं या एक-दीड वर्षाच्या पोरांच्या खोलीत होत्या आणि उठता-बसता त्यांच्या गुडघ्यांतून सुपारी फोडल्यासारखा आवाज यायचा. त्या रागावतील, मग आपण कानांच्या पाळ्या लाल होईपर्यंत माफी मागू, आणि परतीच्या वाटेवर तिघी पोट धरून हसू, असा सगळा हिशेब चिनात्सुने मनात मांडून ठेवला होता. बाई रागावल्याच नाहीत. एका पोराच्या तोंडातून रंगीत खडू काढत म्हणाल्या, "शिव्यांचं मला ठाऊक नाही, पोरी. मी कधी दिल्या नाहीत. निदान गोड आवाजात तरी नाही." मग तिच्याकडे नीट बघून म्हणाल्या, "पण यांना काय कळतं ते बघायचं असेल तर हात मागे घे. मागे, पाठीशी बांध. आता चेहरा कोरा कर. अजून हसतेयस तू. बाजाराची यादी वाचल्यासारखा कर. आणि नजर त्या घड्याळावर. दुसरीकडे कुठेही बघायचं नाही. आता या सोजीला सांग, टोपी आण."

सोजी एक वर्ष सात महिन्यांचा होता. त्याला स्वतःला दोनच शब्द येत होते, एक जेवणाचा आणि एक गाडीचा, आणि जगातली बाकी सगळी कामं तो या दोहोंवर भागवायचा. चिनात्सु घड्याळाकडे बघत, लाकडासारख्या आवाजात म्हणाली, "सोजी, टोपी आण." काहीच झालं नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकला. मग सोजीने हातातला लाकडी चमचा खाली ठेवला, लंगोटाच्या वजनाने डुलत उठला, भिंतीवरच्या खुंट्यांपर्यंत गेला, पिवळ्या टोप्यांच्या रांगेतली एक ओढून काढली आणि परत येऊन ती चिनात्सुच्या मांडीवर ठेवली. मुलींनी एकच गलका केला. रिन्काने कपाळावर हात मारून तिचं दप्तर तिथेच खांद्याला लावलं. "बोलणं ही फार नंतरची गोष्ट," निशिओका बाई सांगत होत्या, "आधी कित्येक महिने आत पाणी जमत असतं, वरून विहीर कोरडी दिसते. लोक बाहेर काय येतंय ते बघतात. मी आत काय जातंय ते बघते." मुली वहीत लिहून घेत होत्या. चिनात्सुही लिहीत होती, पण जिना संपलाय हे न कळून आणखी एका पायरीसाठी पाय टाकावा आणि तो नुसताच जमिनीवर आदळावा, तसं तिला झालं होतं. का ते तिला सांगता येत नव्हतं. टोपी अजून मांडीवर होती, आत घामाचा आणि दुधाचा वास. टोपी आणताना सोजी तिच्याकडे बघत नव्हता. एवढंच. तो तिच्या हातांकडे बघतच नव्हता.

परतीच्या वाटेवर मायुको निशिओका बाईंची नक्कल करत होती, गुडघ्यांच्या आवाजासकट, आणि चिनात्सु वेळेवर हसत होती. हसणं आता तिला जमायचं. तीन वर्षांपूर्वी हे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. तेव्हा वर्गात तिचं नाव ‘भिंत’ होतं. हजेरीला ती ओ द्यायची ती इतकी हळू, की सर मान वर करून विचारायचे, चिनात्सु आज आलीय का? मागचं बाक म्हणायचं, भिंत आलीय सर, भिंत कुठे जाणार. घरी आईलाही बोलायला फार सवड नव्हती. त्या वर्षी आई बहुतेक वेळ कुशीवर पडून असायची, कारण पोटातलं मूल याआधी दोनदा टिकलं नव्हतं आणि या वेळी कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. मग सायो आली. दुपट्यात गुंडाळलेलं एक गाठोडं, आणि त्या गाठोड्याला दोन डोळे, आणि ते डोळे चिनात्सुच्या तोंडावर असे खिळायचे, की आजवर कुणी तिच्याकडे इतकं बघितलं नव्हतं. ती बोलायला लागली. आधी मांडीवर घेऊन काहीबाही, मग शाळेत काय झालं ते, मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते. भिंत हे नाव कुणी ठेवलं, जेवणाच्या सुट्टीत ती कुठल्या जिन्याखाली बसते, कुठल्या मुलाने आपली वही परत देताना ती दोन बोटांच्या चिमटीत धरली होती. सायो सगळं ऐकायची. डोळ्यांची पापणी न लववता ऐकायची. तिला सांगून सांगून गोष्टी गुळगुळीत झाल्या, त्यांना सुरुवात-शेवट आला, हशाच्या जागा आल्या. मग एक दिवस त्यातली एक चिनात्सुने चुकून मायुकोला सांगितली आणि मायुको इतकी हसली की तिच्या नाकातून दूध आलं. तेव्हापासून सगळं बदललं. गेल्या महिन्यात शाळेच्या मेळाव्यात ध्वनिक्षेपकावरून निवेदन करणारी मुलगी ती होती. बाबा कामाचा अंगरखा न बदलताच तिला ऐकायला आले होते, बाह्यांना पीठ लागलेलं. सगळे म्हणायचे, ही मुलगी कुठे शिकली असं बोलायला? आणि ती मनात म्हणायची, सायोकडे.

आता, दोघी मैत्रिणींच्या हशात चालताना, पहिल्यांदाच तिला वाटलं, सायो इतकं का बघायची?

हा प्रश्न तिने लगेच झटकला. सायोला सगळं कळतं, यात काय बोलायचं? तीन वर्षांची व्हायला आली, बोलत नाही, हे खरं. "आ" आणि "न्न" आणि हसणं, बस्स. पण बाबा म्हणतात ना, धाकटी उशिराच बोलतात, त्यांची सगळी कामं न बोलता होतात. आणि सायोला बारा गोष्टी येत होत्या. त्या बाराही चिनात्सुने शिकवल्या होत्या. बूट आण, दार लाव, बाबांना वारा घाल, नमस्कार कर, नाक कुठंय, चंद्र कुठंय. शेजारच्या ओगावा आजी आल्या की हा सगळा खेळ व्हायचा, ताई सांगणार आणि सायो करणार, आणि आजी म्हणायच्या, "हिला बोलायची गरजच काय? राणीच आहे ही." चिनात्सु म्हणायची, "आजी, ही माझी चेली आहे." बूट आण, असं म्हणताना आपला हात कुठे असतो, हे तिने आठवून पाहिलं. हात बुटांकडे असायचा. चंद्र कुठंय, म्हणताना मान आधीच वर गेलेली असायची. हे आठवताना ती चौकात थांबली, सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला, आणि रिन्का पलीकडून दोन दप्तरं सांभाळत ओरडली, "ए निवेदिका, झोपलीस काय उभ्या उभ्या?"

घरी आई नव्हती. सायो ओगावा आजींकडे होती. आजींनी ती दारातच तिच्या हवाली केली, सोबत चार संत्री. "तुझी आई कांद्याची पात आणायला गेलीय, आणि उद्याच्यासाठी लेकीला मोजे." उद्या. उद्या दुपारी आरोग्य केंद्रात तीन वर्षांच्या मुलांची तपासणी होती. जेवणाच्या टेबलावर पाकीट पडलेलं होतं, आठवड्यापासून पडलेलं, त्यावर सोयाबीनच्या रश्श्याचा एक गोल डाग. चिनात्सुने त्याला आजवर हातही लावला नव्हता. पाकिटाशेजारी सायोची वही होती, पोटात मूल आहे हे कळताच प्रत्येक आईला नगरपालिकेकडून मिळते ती. जन्माचं वजन, लसी, दात, आणि वयाच्या प्रत्येक टप्प्यावर आईला विचारलेले प्रश्न, समोर ‘हो’ आणि ‘नाही’. जे खरं त्याभोवती गोल काढायचा. स्वतःची वही तिने गेल्याच आठवड्यात शाळेत नेली होती, सगळ्यांनीच नेल्या होत्या, गृहशास्त्राच्या बाईंनी आणायला सांगितल्या होत्या म्हणून, आणि वर्गात चिनात्सुच्या वहीवर झुंबड उडाली होती, कारण तिच्या आईने ती काठोकाठ भरली होती. ‘हो’वर गोल आणि त्यापुढे बारीक अक्षरात, ‘बाबा कुठे म्हटलं की दाराकडे बघते.’ ‘आज मी नुसतंच आंघोळ म्हणाले, दुसऱ्या खोलीतून, तर टॉवेल ओढत आली, मी रडले.’ समास संपला की अक्षरं वळून पानाच्या कडेने वर चढायची, कडही संपली की चिकटवलेली चिठ्ठी. मायुको म्हणाली होती, "तुझी आई तुझ्या प्रेमात पडली होती गं." चिनात्सु फुशारकीने म्हणाली होती, "अजून आहे."

तिने सायोची वही उघडली. एक वर्षाचं पान. दीड वर्षाचं पान. ‘मागून नावाने हाक मारली तर वळून बघते का?’ हो. ‘सांगितलेलं साधं काम कळतं का?’ हो. ‘अर्थ असलेले दोन-चार शब्द बोलते का?’ हो. दोन वर्षांचं पान, हो, हो, हो. गोल एकसारखे, दाबून काढलेले, इतके दाबून की पान उलटलं तर पाठीवर बोटाला लागत होते. आणि समास कोरे. एकाही गोलापुढे एकही अक्षर नाही. तीच आई, तीच पेनं ठेवायची बरणी, आणि तीन वर्षांत टॉवेल ओढत आणण्याची एक गोष्टही नाही. चिनात्सु ती कोरी जागा बोटाने चाचपत राहिली, जणू तिथे काही लिहून खोडलेलं असावं. सायो टेबलाखालून तिच्या पायांना लाडाने डोकं घासत होती. खाली डोकं घासणारी ही सायो आणि वहीतली ही सायो यांच्यामध्ये कुठेतरी एक दार होतं आणि आई त्या दाराला पाठ लावून तीन वर्षं उभी होती.

पाकिटात एक जाड कागद होता, त्यावर सहा चित्रं. कुत्रा, बूट, छत्री, हत्ती, मांजर, खुर्ची. सोबत सूचना: मुलाला समोर एक मीटरवर बसवा, स्वतःचं तोंड कागदाने झाका, कुजबुजत्या आवाजात एकेक नाव एकदाच घ्या, मुलाने चित्रावर बोट ठेवलं तर गोल करा. खाली सहा चौकटी होत्या आणि सहांतही गोल होते. पेन्सिलीने. आई, जी भाजीची यादीसुद्धा पेनाने लिहायची, तिने सरकारी कागदावर पेन्सिल वापरली होती.

ऊन बाल्कनीतून तिरपं आत आलं होतं. चिनात्सुने सायोला उशीवर बसवलं, चित्रांचा कागद तिच्या पुढ्यात ठेवला, स्वतः मागे सरकली आणि शाळेची वही तोंडासमोर धरली. "कुत्रा," ती म्हणाली. कुजबुजत नव्हे, नेहमीच्या आवाजात. तेवढी सूट आपल्या बहिणीला द्यायला काय हरकत आहे. सायो तिच्याकडे बघत होती. म्हणजे वहीच्या वर दिसणाऱ्या डोळ्यांकडे. "कुत्रा, सायो." सायोने मान जरा वाकडी केली, डावीकडून वहीमागे काय दिसतंय ते पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग ती उठली, त्या एका मीटरच्या अंतराला न जुमानता चालत आली, आणि दोन्ही हातांनी वही हळूच खाली ओढली. अगदी हळू. ओगावा आजींच्या मांजराच्या डोळ्यांवरून केस बाजूला करायची तशी. वही खाली आली, ताईचं तोंड दिसलं, आणि सायोच्या सगळ्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की हरवलेली वस्तू सापडल्यावरच तसं हसतात.

चिनात्सुने तिला पुन्हा नेऊन बसवलं. वही बाजूला ठेवली. "छत्री," ती म्हणाली आणि सायोने पटकन छत्रीवर बोट ठेवलं. "बघ! येतंय की!" तिच्या छातीत इतकं मोठं काहीतरी सुटलं की ती मोठ्याने हसली. "हत्ती." हत्ती. "खुर्ची." खुर्ची. सायो डोळे लखलख करत पुढच्याची वाट बघत होती आणि चिनात्सुला एकदम हात मागे घे असं कुणीतरी म्हणाल्याचं ऐकू आलं. हात मागेच होते. पण डोळे? तिने खोल श्वास घेतला. डोळे बुटांवर ठेवले, नुसते ठेवले, आणि तोंडाने म्हणाली, "मांजर." सायोचं बोट बुटांवर आलं. डोळे कुत्र्यावर, तोंडात छत्री. बोट कुत्र्यावर. जराही न अडखळता. आणि प्रत्येक वेळी बोट ठेवून झालं की सायो मान वर करून टाळीची वाट बघायची, बारा गोष्टींच्या खेळात बघायची तशी. चिनात्सुने टाळी वाजवली. तिला वाजवायची नव्हती, पण हात आपोआप पुढे आले, वाजले, आणि सायो आनंदाने उशीवर उड्या मारायला लागली. त्या टाळीचा आवाज चिनात्सुच्या कानात बराच वेळ राहिला. हे आपण शिकवलं. बारा गोष्टी नव्हेत, हे. बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर, खांद्यांवर, कोपरांवर कसं चालायचं ते. आणि हे इतकं छान शिकवलं, की घरात कुणाला पलीकडचं काही दिसूच नये.

सायो स्वयंपाकघराकडे तोंड करून, मिटलेल्या मुठीत संत्र्याची फोड धरून उभी राहिली तेव्हा चिनात्सु तिच्या मागे गेली. "सायो." काही नाही. "सायो, ताई बोलावतेय." फोडीतला रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता, ती तो बघत होती. खाली रस्त्यावर कचऱ्याच्या गाडीने आपलं गाणं सुरू केलं आणि सायो वळली, सरळ खिडकीकडे धावली. म्हणजे कान होते. गाडी त्यांच्यात शिरत होती. नाव शिरत नव्हतं, किंवा शिरत होतं आणि आत गेल्यावर त्याचं काही होत नव्हतं, वाऱ्यासारखं, नळासारखं नुसतं वाहून जात होतं. कुठलं ते चिनात्सुला कसं कळणार, ते कळणारी माणसं उद्या दुपारी तिथे बसलेली असणार होती, समोर हा सहा गोलांचा कागद घेऊन. आणि जिन्याखालच्या गोष्टी? भिंत, वही धरणारी दोन बोटं, रडत रडत सांगितलेलं ते सगळं? त्या कुणी ऐकल्या? कुणीच नाही. एवढी तीन वर्षं ती तोंड हलवत होती आणि समोर एक बाळ त्या हलणाऱ्या तोंडात काय आहे ते शोधत होतं. त्याला काही सापडत नव्हतं म्हणून ते नजर हटवत नव्हतं. आणि ते न हटणं धरून आपण उभ्या राहिलो. ध्वनिक्षेपकापर्यंत गेलो. तिला खूप लाज वाटली, मग लाजेपेक्षा मोठं काहीतरी वाटलं. आपण जिच्या पाण्यावर वाढलो ती विहीरच तहानलेली होती, असं काहीतरी.

आई आली ती धापा टाकत, पिशवीतून पातीची हिरवी टोकं बाहेर. चित्रांचा कागद जमिनीवर बघून ती दारातच थबकली. मग बूट काढले, सावकाश, टोकं बाहेरच्या बाजूला करून जुळवले, जणू कुणी पाहुणे यायचे आहेत.

"तो कागद घाण होईल," ती म्हणाली. "उद्या द्यायचाय."

"तू हे केलंस? तोंड झाकून?"

"केलं की."

"आई."

आईने पात सिंकमध्ये ठेवली, नळ सोडला. पाठमोरी म्हणाली, "झाकलं होतं. मग ती उठून आली आणि माझा हात ओढायला लागली. तिला वाटलं मी लपंडाव खेळतेय. मग हात काढला. काढल्यावर सहाही बरोबर आले." नळाचं पाणी पातीवरून वाहत राहिलं. "तिला कळतं गं. तिच्या पद्धतीने कळतं. दोन महिन्यांत बालवाडीच्या प्रवेशाची भेट आहे. ते हा निकाल मागतात. एकदा ‘नाही’ लिहिलं की ते ‘नाही’ तिच्यापुढे चालत राहणार, प्रत्येक दारात तिच्याआधी पोचणार. थोडे दिवस थांबलो तर काय बिघडतं? तू नाही का, तेरा वर्षांची होईपर्यंत चार माणसांत तोंड उघडत नव्हतीस. आज बघ."

"माझ्या वहीत तू टॉवेलची गोष्ट लिहिलीयस," चिनात्सु म्हणाली. "सायोच्या वहीत काहीच नाही."

आईने एक पात उचलली, मुळं तोडली, दुसरी उचलली. "सव्वा वर्षाची होती," ती शेवटी म्हणाली, आवाज नळाच्या आवाजाइतकाच. "तिच्या पाठीमागे माझ्या हातून पातेल्याचं झाकण पडलं. ती दचकून वळली. मला इतका आनंद झाला. म्हटलं, कान आहेत, मग काय. आणि लगेच मी हाक मारली. सायो, सायो म्हणून. तिने वळून बघितलं नाही. मी परत मारली नाही." तिने हात पुसले. "त्यानंतर मी तिला मागून कधीच हाक मारलेली नाही. नेहमी पुढे जाते. पुढे जाऊन बसते, मग बोलते. पुढून सगळं ठीक असतं." चिनात्सुला एकदम दिसलं, बागेत, दुकानात, जिन्यात, आई धावत सायोच्या पुढे जायची आणि गुडघ्यांवर बसायची, लोक म्हणायचे, किती प्रेमळ आई आहे, मुलीशी बोलायलाही खाली बसते.

बाबा पाच वाजता आले. नूडल्सच्या कारखान्यात ते पहाटेपासून कणीक तुडवायचे, चटईखाली घालून टाचांनी, आणि घरी आले की त्यांच्या पायांना गव्हाचा गोड वास यायचा. सायो धावत गेली आणि त्यांच्या पावलांवर चढली. ते तिला तसंच पायांवर घेऊन खोलीभर तुडवत फिरले, एक-दोन, एक-दोन, हा त्यांचा खेळ होता आणि यात बोलायला काही लागत नव्हतं. चिनात्सु बघत राहिली. बाबांना माहीत असेल का? बाबांना सगळं पायांनी कळायचं; कणकेला पाणी कमी आहे की जास्त ते टाचेने सांगायचे. पावलांवर उभ्या असलेल्या या वजनाबद्दल त्यांच्या टाचांनी त्यांना काय सांगितलं असेल, आणि त्यांनी ते कुठे ठेवून दिलं असेल? "काय गं निवेदिका," ते म्हणाले, "आज गप्प? पाळणाघरातल्या पोरांनी जीभ पळवली वाटतं." आईने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग जमिनीवरच्या कागदाकडे, आणि एक-दोन थांबलं. सायो त्यांच्या पोटाला थाप मारत राहिली, चला, चला. "असू दे," बाबा फक्त एवढंच म्हणाले, कुणाला ते कळलं नाही, आणि आईला भाजी चिरू लागायला सिंकपाशी गेले.

चिनात्सु टेबलापाशी बसली. शाळेच्या अहवालाचे चार कागद समोर होते. तिने ते सरकवले, पाकीट ओढलं आणि खोडरबर घेतला. आईचे पेन्सिलीचे गोल सहज गेले, जणू त्यांना जायचंच होतं. ती लिहीत गेली. सायो येऊन तिच्या खुर्चीच्या आडव्या दांडीवर चढली, लिहिणाऱ्या हाताकडे बघू लागली, आणि तिचा संत्र्याचा श्वास चिनात्सुच्या मनगटावर येत राहिला. तिला वाटलं, उद्यापासून ही माझ्याकडे बघेल तेव्हा मला ठाऊक असेल. आता पुन्हा तसं बोलता येणार नाही, तोंडाला येईल ते, कसलीही भीती न बाळगता. ती जागा संपली. या विचाराने तिला रडू आलं आणि ते शाईवर पडू नये म्हणून तिने मान मागे केली. सायोनेही मान मागे करून छताकडे बघितलं, तिथे काय आहे ते शोधायला.

मग चिनात्सु उठली. आई आणि बाबा सिंकपाशी पाठमोरे उभे होते, खांद्याला खांदा, एकजण पात चिरत होता आणि दुसरी ताटल्या काढत होती, आणि दोघंही मुद्दाम वळत नव्हते. तिच्या तोंडाला कोरड पडली. जुन्या हजेरीच्या वेळी पडायची तशी, अगदी तशीच. तिने हात मागे घेतले आणि कागद पाठीशी धरला.

"आई. बाबा."

दोघंही वळले. एका हाकेत. हे इतकं सोपं होतं.

"मी उद्या शाळेत जाणार नाही. मी तुमच्याबरोबर येणार आहे आरोग्य केंद्रात. त्यांनी विचारलं तर मी सांगणार आहे, मागून हाक मारली तर आमची सायो वळत नाही. हात बघून बारा गोष्टी करते, त्या मी शिकवल्यात, तेही सांगणार आहे. गोल मी पुसलेत, आई. तू रागव, मार हवं तर, पण मी पेनाने लिहिलंय. झाकणाचं लिहिलंय, कचऱ्याच्या गाडीचं लिहिलंय, तिने वही कशी हळूच खाली ओढली ते लिहिलंय. समास पुरला नाही, म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलंय."